नमुन्यादाखल मेलेला तोलेगेन

तोलेगेन मनाने वाईट नव्हता, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

अल्माटीतल्या एका बांधकाम कंपनीच्या हिशेबखात्यात तो कारकून होता. नवं सॉफ्टवेअर आलं आणि प्रत्येक इमारतीला कोड द्यायचा, प्रत्येक कामाला धोक्याप्रमाणे विम्याचा दर बसवायचा, हे काम त्याच्या गळ्यात पडलं. दर नीट लागतोय का हे बघायला एक खोटा अपघात भरून पाहा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पण मेलेला म्हणून नाव कुणाचं घालायचं? आपल्याकडे दुसऱ्याबद्दल असलं अभद्र काढलं की ते त्याला लागतं. गवंड्याला लहान लेकरं, क्रेनवाल्याचं लग्न ठरलेलं. शेवटी त्याने (अभद्र टळावं म्हणून डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकून) स्वतःचंच नाव घातलं. कोड सत्तेचाळीस, बारावा मजला, मृत्यू. दर बिनचूक लागला. तो खुशीत फोन बंद करून दाढ काढायला गेला.

सरावाचं खातं वेगळं असतं, हे पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होतं. ही नोंद मात्र तडक अस्तानाच्या मुख्य कचेरीत साहेबांकडे पोचली. साहेब जुन्या वळणाचे. मरणाची बातमी घरच्यांना फोनवर द्यायची नसते, वडीलधाऱ्यांनी जाऊन आडवळणाने सांगायची असते. म्हणून त्यांनी फोन करून तोलेगेनच्या गल्लीतल्या सापर आजोबांना गाठलं.

दुपारी चारला तोलेगेन परतला तेव्हा धुकं इतकं दाट होतं की गल्लीचं टोक दिसेना. जीभ बधिर, तोंडात कापूस. रोज भुंकणारं शेजारचं कुत्रं आज त्याला पाहून आत सरकलं. घराचं फाटक सताड उघडं होतं आणि अंगणात चारपाच म्हातारे माना खाली घालून उभे होते.

"सूनबाई," सापर आजोबा त्याच्या बायकोला, रौशानला सांगत होते, "खोल नदीसुद्धा एक दिवस आटते."

"आटते, आजोबा. आत या, चहा टाकते."

"हातावरचा ससाणाही उडून जातो."

रौशानने भिंतीला हात टेकला. फाटकाशी तोलेगेनच्या काळजात चर्र झालं. सकाळी आई म्हणाली होती, छातीत दुखतंय. आपण "बघू" म्हणून निघून गेलो होतो. त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात रौशानने रिवाजाप्रमाणे गेलेल्याचे गुण गात रडायचा सूर लावला. "ताटात पडेल ते निमूट खाणाऱ्या माझ्या धन्या... कधी उलटून न बोलणाऱ्या माझ्या धन्या..." मग ती थांबली आणि पुन्हा ताटापासून सुरू झाली.

धनी? तोलेगेनचं रडणं थांबलं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, कापसातून आवाज फुटेना. तो पुढे आला तसे म्हातारे मागे सरले. कुणी त्याच्याशी बोलेना. आपण खरंच बाराव्या मजल्यावरून पडलो आणि आपल्यालाच कळवायचं राहिलं की काय? त्याने नाडी चाचपली. थंडीत तीही सापडेना.

मग दारातून काठी टेकत आई आली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"टोपी कुठाय? दाढ काढून उघड्या डोक्याने फिरतात होय?"

तोलेगेनने तिच्या गळ्यात पडून मनसोक्त रडून घेतलं. म्हाताऱ्यांनीही सुटकेचा श्वास सोडला, कारण भूत आईच्या गळ्यात पडून रडत नाही.

रात्री सूप पिताना जीभ ताळ्यावर आली. त्याने हळूच विचारलं, "रौशान, तिसरी ओळ काय होती गं?"

"कसली तिसरी?"

"रडतानाची. दोन झाल्या नि तू पहिल्या ओळीवर परत गेलीस."

"आठवत होते."

"मग, आठवली?"

रौशानने त्याच्या वाडग्यात आणखी एक पळी सूप ओतलं.

"नाही. पण सापर आजोबा म्हणाले, घाई नको. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवसापर्यंत सुचली तरी चालतं."