तात्यांच्या अकरा गाड्या

आटगावचे तात्या माणसाकडे बघायच्या आधी आभाळाकडे बघतात. ढग नसले की खूश. "आज फोटो चांगला येनार, शेट." फोटो त्यांचा नव्हे, त्यांच्या शेताचा. दर पाच दिवसांनी उपग्रह तो काढतो आणि तात्या मोबाइलवर उघडून बसतात, मग चुलीवरचं दूध उतू गेलं तरी चालेल. एकदा माझ्या डोक्याकडे वाकून म्हणाले, "कडेनं दाट आहे. मधे विरळ."

मी गवताचा व्यापारी. धसईच्या बाजारात भारे वाहून सुरुवात केली, आज मुरबाडला स्वतःची वखार आहे. बांधावरून एक फेरी मारून उभं गवत किती गाड्या निघेल ते सांगतो. कधी चुकलो नाही, असं गेल्या वर्षापर्यंत सांगत असे.

तात्यांचं खाचर एका कारखान्याच्या सांडपाण्याने नासलं. भात करपायला लागला, तेव्हा त्यांनी हत्तीगवत लावलं. तिथलं गवत गुरांना घालता येत नाही, बॉयलरला जळण म्हणून चालतं. मी बांधावरून फिरलो. पुरुषभर उंच गवत.

"वीस गाड्या," मी म्हणालो.

"अकरा." तात्यांनी मोबाइल पुढे केला. हिरव्याच्या मधोमध लाल डाग. "लाल तिथं गवत नाय. आत शिरून तरी बघा, शेट."

विकणारा माल कमी सांगतो, याचा माझ्या धंद्यात एकच अर्थ: दुसरं गिऱ्हाईक आलंय, मला हाकलायचंय. माझं डोकं सटकलं. "मला गवत शिकवू नका," म्हणालो, आणि आयुष्यात प्रथमच माल जास्त आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडलो. भांडण जिंकलो. एकरकमी पैसे मोजून शेत उक्तं घेतलं, बॉयलरवाल्याला वीस गाड्यांचा शब्द दिला.

कापणीला अकरा गाड्या भरल्या. बाराव्या गाडीत फक्त ड्रायव्हर होता.

स्वतःच्या चुकीचा राग दुसऱ्यावर काढायची तयारी मुरबाडपासून आटगावपर्यंत आरामात होते. पोचलो तेव्हा तात्या कापलेल्या शेतात, त्या उघड्या डागात उभे राहून फोनवर बोलत होते.

"नाय गो, गेला नाय अजून. पन आधी विहिरीपर्यंत होता, आता आंब्याच्या अलीकडं आलाय."

त्यांची बायको कल्याणला लेकीकडे असते हे मला ठाऊक होतं. का, ते त्या दिवशी कळलं. खाचर तिच्या माहेरचं. भात होईल तेव्हा बोलवा, असं सांगून गेलेली. गवत मातीतलं विष थोडं थोडं ओढून घेतं म्हणतात, म्हणून तात्या दर पाच दिवसांनी डाग मोजून तिला कळवतात.

"शेट आलेत, त्यांनाच विचार," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"भाऊ, तुमची नजर मोठी म्हन्तात. मी भात लावायला कधी येऊ?"

मी भांडायला आलो होतो. पायाखालची माती पांढरट, कडक. "पुढच्या पावसाळ्यात या, वहिनी," मी म्हणालो.

तात्यांनी फोन ओढून घेतला. "नाय गो. तीन वर्सं तरी. शेट बांधावरनं बघतात."

फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अडीच करा ना," ती म्हणाली.

माझ्या सगळ्या आरडाओरड्यापुढे अकराचे बारा न केलेले तात्या आभाळाकडे बघायला लागले. ढग होते.

"बघतो गो," ते म्हणाले.