फुग्यातला पाय

मेट्रनबाईंची छत्तीस वर्षांची नोकरी.

भाजी धुण्याचं एक मशीन. आकार पावाच्या डब्याएवढा, आवाज पीठगिरणीचा.

सहाशे फुगे, पांढरे आणि निळे.

डाव्या नडगीवर अडीच इंचांची जखम.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो फुगेवाल्यांनी लावला.

फुगेवाले म्हणजे समारंभांना फुग्यांच्या कमानी करून देणारे स्वयंभू कलावंत. पंधरा दिवसांपूर्वी ते शिडीवरून घसरले आणि नडगी सोलवटून बसले. आता घरात बायको आहे, ती मोठ्या इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टर आहे, रोज चाळीस परक्या माणसांच्या जखमा तिच्या हाताखालून जातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण बहुधा अशाच एखाद्या नवऱ्याकडे बघून कोणाला तरी सुचली असावी.

"एक दिवसाआड ड्रेसिंग, पाणी लावायचं नाही आणि अजून आठ दिवस शिडी नाही," बायकोने बजावलं होतं.

"मंगळवारी मेट्रनबाईंचा निरोप समारंभ आहे. कमान काय जमिनीवर आडवी घालू?"

"वर चढायला दुसरं कोणी मिळेल. तुम्ही खाली बसून सांगा. आणि अहो, मी शब्द दिलाय त्यांना. बाईंनी अख्ख्या नोकरीत कोणाकडे काही मागितलं नाही. एवढंच म्हणाल्या, जाताना कमानीखालून जायला आवडेल. ती कमान उभी राहिली नाही, तर बुधवारी त्या खोलीत मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

खाली बसून सांगा! असल्या कलावंताला हे झोंबणारच. तेवढ्यात शनिवारी मेहुणा एक मशीन घेऊन आला. मेहुणा भाजी धुण्याची मशीनं विकतो. ओळखीतल्या प्रत्येक घरी त्याने एक एक खपवलं आहे, त्यामुळे हल्ली त्याला जेवायला कोणी बोलवत नाही.

"भाऊजी, यातून ओझोन निघतो. ओझोन जंतूंना मारतो. तुमच्या जखमेत काय आहे? जंतू. मग आणखी काय पाहिजे?"

"पण हे भाजीचं आहे ना रे?"

"कोबीला कुठे ठाऊक असतं मशीन कशाचं आहे ते?"

हा युक्तिवाद फुगेवाल्यांना बिनतोड वाटला. तरी त्यांनी बायकोला आडून विचारलंच. तिने भाजी चिरता चिरता सांगितलं की त्यांच्याकडेही एक डॉक्टर काही जखमांना ओझोन देतात. पायाला पिशवी बांधतात, वायू मोजून सोडतात, उरलेला यंत्राने ओढून घेतात, कारण तो छातीत गेलेला चांगला नाही. आणि एवढं करूनही ड्रेसिंग चुकत नाही.

या सगळ्यातून फुगेवाल्यांनी एकच शब्द उचलला. पिशवी.

हवा कोंडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने पिशवी शोधत फिरायचं? त्यांच्याकडे तीन फुटी फुगे होते. उत्तम रबर, स्वतः निवडलेलं.

सोमवार, सकाळी अकरा. बायको कामावर. सहाशे फुगे फुगवून, माळा ओवून कामाच्या खोलीत छतापर्यंत रचलेले. धूळ नको म्हणून खिडक्या बंद. मधोमध खुर्ची, खुर्चीत फुगेवाले, त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत एका पांढऱ्या फुग्यात, फुग्यात मशीनची नळी. हत्तीरोग झालेल्या राजासारखे दिसत होते, पण आरसा नसल्याने त्यांना फक्त राजाच जाणवत होता.

सव्वाअकरा. पायाचा फुगा फुटला.

"नख लागलं असेल," असं म्हणून त्यांनी नखं कापली आणि दुसरा चढवला.

साडेअकरा. दुसरा फुटला. खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र वास. घसा खवखवू लागला. औषध लागू पडत असल्याची खूण! तिसरा फुगा चढवला.

बारा. तिसराही गेला, आणि त्याच्या सोबतीला कोपऱ्यातला एक निळा. मग त्याच्या शेजारचा. मग एकदम चार. तव्यावर मोहरी तडतडावी तशी खोली तडतडू लागली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर वर आले.

"काय हो, मुलगा पास झाला का?"

"मला मुलगाच नाही, मास्तर."

"मग एवढा आनंद कसला?"

फुगेवाल्यांनी खोकत खोकत दार लावलं आणि फुग्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"सडका माल दिलास. शंभर फुटले."

"हाच माल आणखी तिघांना दिलाय. कोणाची तक्रार नाही. उन्हात ठेवलेत का?"

"मी? फुगे उन्हात? वीस वर्षं या धंद्यात आहे मी."

"मग टाचणी वगैरे..."

"टाचणी तुझ्या डोक्यात घालीन."

व्यापारी बिचारा घाबरून दोनशे नवे फुगे घेऊन आला. तोवर फुग्यांनाच जंतुसंसर्ग झाल्याचा संशय बळावल्यामुळे फुगेवाल्यांनी मशीनचं बटण 'जास्त'वर नेऊन ठेवलं होतं. रबराला कसला संसर्ग होतो, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. नवे फुगे त्याच खोलीत फुगवले, आणि तेही जुन्यांच्या वाटेने गेले. मग पंपाचा रबरी वायसर चिरला. शेवटी चड्डीचं इलॅस्टिकही सैल वाटू लागलं, पण त्याचा दोष मशीनला द्यावा की वयाला, हे त्यांनी तपासलं नाही.

चारला बायको आली. दारातच थांबली, एकदा हुंगलं, सरळ आत जाऊन वायर उपटली आणि खिडक्या उघडल्या.

"ओझोन रबर खातो. ताणलेलं रबर तर आधी. आमच्या ओझोनच्या खोलीत रबरी नळीसुद्धा ठेवत नाहीत."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कोबी धुणार असं वाटलं होतं मला."

तिने उरलेल्या फुग्यांवर बोट फिरवलं, त्या सगळ्यांवर बारीक भेगा होत्या. मग खुर्चीवर बसून राहिली, पर्स मांडीवर तशीच. फुगेवाल्यांना ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी दुपारी व्यापाऱ्याकडून तिसऱ्यांदा माल आला, तोही सरळ इस्पितळाच्या सभागृहात. पंप मेलेला. बायकोने कोणाला काय सांगितलं कोण जाणे, पण जेवणाच्या सुट्टीत बारा सिस्टर आल्या आणि तोंडाने फुगवायला बसल्या. प्रत्येकीचा दम वेगळा. एक फुगा कलिंगडाएवढा, शेजारचा लिंबाएवढा. शिडीवर वॉचमन चढला. फुगेवाले खाली बसून सांगत होते, आणि त्यांचं कोणीही ऐकत नव्हतं.

मेट्रनबाई वेळेआधी अर्धा तास आल्या. नोकरीभर तशाच यायच्या. कमानीआधी त्यांची नजर नडगीवर गेली. फुग्यातल्या घामाने जखम पुन्हा ओली झाली होती आणि पट्टी घसरली होती.

"हे कशाने?"

त्यांच्यापुढे खोटं बोलायची सोय छत्तीस वर्षांत कोणाला सापडली नव्हती. फुगेवाल्यांनी सगळं सांगितलं, कोबीसकट. बाई हसल्या नाहीत. ट्रे मागवला, बाह्या सारल्या आणि त्यांचा पाय व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर ठेवायला लावला.

"बघून घ्या गं. धुताना घाई नाही. कडेकडेने."

बारा जणी वाकून बघत होत्या. पट्टीची शेवटची गाठ बाईंनी दोनदा तपासली, हात धुतले, आणि मग कमानीखाली जाऊन वर पाहिलं.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

बायकोने मान खाली घातली.

"राहू दे. सरळ रांगा खूप लावल्या मी." आणि तिचा हात धरून बाई कमानीखालून गेल्या, परत आल्या आणि पुन्हा गेल्या.

निरोपाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर मेट्रनबाई आहेत, बारा सिस्टर आहेत, आणि मधोमध, अगदी स्पष्ट, फुगेवाल्यांचा डावा पाय. चेहरा एका निळ्या फुग्यामागे गेला आहे.

शुक्रवारी, म्हणजे मेहुणा मशीन घेऊन यायच्या आदल्या दिवशी, बायकोने फुगेवाल्यांच्या केसपेपरवर लिहिलं होतं: जखम स्वच्छ, भरत आली आहे.