थोरल्याला बघायला येणारे अप्पा

आमच्या गल्लीत कुणाकडं बाळ झालं की बसलिंगअप्पा बघायला येतात आणि बाळाकडं ढुंकूनही बघत नाहीत.

खोटं सांगत नाही. उदगीरला बाळ बघायला जायची रीत पक्की आहे. झबलं-टोपरं न्यायचं, नाक कुणावर गेलंय यावरून दोन्ही आज्यांचं भांडण लावून द्यायचं, पोहे खायचे आणि उठायचं. अप्पा यातले फक्त पोहे खातात. बाकीचा वेळ ते त्या घरातलं थोरलं पोरगं शोधत फिरतात. ते कुठंतरी दाराआड, पलंगाखाली तोंड फुगवून बसलेलं असतं. अप्पा तिथं मांडी घालतात, खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढतात आणि विचारतात, "तुझं कसं काय चाललंय?" समोरच्या वहिनींनी एकदा हट्टानं आपलं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. अप्पांनी ते न बघताच शेजारच्या बाईकडं सरकवलं, जसं काही पोतंच. वहिनी कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

अप्पांचा जन्म मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात गेला. एका आडतीवर ते माल पारखायचे. सोयाबीनच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि ओल किती आहे ते सांगायचं. काम सुटलं, पण बोली काही सुटली नाही. गल्लीतल्या कुठल्याही पोरानं दगड मारला, शिवी दिली, बालवाडीतल्या बाईंना ओरबाडलं, तरी अप्पांचा निकाल ठरलेला: "ओल हाय अजून. वाळंल." आणि आईनं हात उगारला की म्हणणार, "ओला माल फेकून देतंय का कुणी? पसरून ठेवावं, ऊन दाखवावं, दम धरावा. धपाट्यानं ओल जात न्हाई बाई."

एकदा भर चौकात एका पोरानं खेळण्यांच्या गाड्यासमोर लोळण घेतली. आई बिचारी लाजेनं अर्धी झालेली. अप्पा पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी त्या पोराच्या शेजारी रस्त्यावर आडवे झाले. मागं ऑटोवाले हॉर्न वाजवत राहिले. पोरगं रडायचं विसरून त्यांच्याकडं बघत बसलं. अप्पा आभाळाकडं बघत म्हणाले, "हितून तर गाडा दिसतच न्हाई रे. उठून बघावं का?" दोघं उठले. गाड्याभोवती फिरून सगळी खेळणी बघितली, एकही घेतलं नाही आणि पोरगं गुमान आईमागं गेलं. ते धोतर धुताना गिरिजाकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, काय काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या सगळ्याला मी पोट धरून हसायचे. पाळी माझ्यावर येईपर्यंत.

माझी स्वरा चार वर्षांची. गरीब गाय म्हणावी अशी. धाकटा झाला आणि या गाईला शिंगं फुटली. भरलेला तुरडाळीचा डबा अंगणात ओतला. अंथरूण ओलं व्हायला लागलं. मी बाळाला पाजायला बसले की हिला नेमकी तेव्हाच तहान लागायची, आणि पाणी दिलं की ती ते माझ्याच अंगावर सांडायची. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. आमच्या ह्यांनी दोन धपाटे दिले. त्याचा परिणाम एवढाच झाला की तिनं ते दोन्ही धपाटे बाळाला पोचवले. मग एके दिवशी ती बाळाच्या पायाला कडकडून चावली. रक्त नाही आलं, पण दात उमटले. ही त्याला काहीतरी करून बसेल, ही धास्ती माझ्या मनातून जाईना. मी पाणी प्यायला उठायलासुद्धा भ्यायचे.

उपाय सगळ्यांच्या तोंडी एकच होता, आपल्याकडचा जुना: थोरलीला आजोळी धाडा. बाळ जरा बसतं-उठतं झालं की आणा. मी कंधारला माहेरी फोन केला. भाऊ रविवारी येणार ठरलं. मी तिचे फ्रॉक पिशवीत भरले.

रविवारी सकाळी भावाच्या आधी अप्पाच आले. सवयीप्रमाणे पाळणा ओलांडून सरळ शिलाई मशीनच्या मागं गेले. तिथं स्वरा बसली होती. त्यांनी पुडी पुढं केली. हिनं शेंगदाणे सोडून त्यांचा अंगठाच धरला दातात. मी ओरडत धावले. अप्पांनी हळूच तिची हनुवटी धरून अंगठा सोडवला, निरखून बघितला आणि म्हणाले, "दात लावूनच माल पारखत्यात. पोरगी मोंढ्यात चालंल." मग तिच्याकडं वळून आवाज न चढवता म्हणाले, "पर माणसाला चावायचं न्हाई. राग आला तर 'राग आला' म्हण. मी ऐकून घेतो."

मला म्हणाले, "बाळ झोपलं की तू काय करतीस?"

"भांडी घासते, अप्पा. दुसरं काय करणार?"

"भांडी पळून जात न्हाईत. तेवढा वेळ हिला घेऊन बस. ही काय बाळावर रागावली न्हाई. ही तुला हुडकाय लागलीय."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांना दारातली पिशवी दिसली. मी सांगितलं, कंधारला धाडतोय, थोडे दिवस.

अप्पांनी पुडी घडी घालून खिशात ठेवली.

"धाकटा झाला तवा मला मामाकडं मुदखेडला ठेवलं. मी बी लई द्वाड हुतो. थोडे दिवस म्हणले. मग त्याला गोवर निघाला, मग आई आजारी पडली, मग मामा म्हणला शाळा चांगली हाय, राहू दे. मामीनं लाड केले, खोटं कशाला बोलू. दहावी होऊन घरी आलो, तर दारात धाकटा उभा. आत बघून वरडला, आई, पाहुणे आलेत, चहा टाक."

तो धाकटा भाऊ, म्हणजे आमचे धाकटे अप्पा, त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. अतिशय मर्यादशील माणूस. थोरल्या भावाला अहो-जाहो करतात याचं आम्हाला केवढं कौतुक होतं.

"सख्खा भाऊ हाय," अप्पा म्हणाले. "अजून मला तुम्ही म्हणतो. भांडत बी न्हाई कधी. भांडायला तर जवळचं लागतंय ना."

ते उठले, चपला घातल्या आणि पोहे न खाताच गेले.

भाऊ आला, जेवला आणि एकटाच परत गेला. मी पिशवीतले फ्रॉक काढून पुन्हा कपाटात लावले. अप्पांचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही. तोंडावर म्हटलं तर ते मलाच ओली ठरवतील. स्वरा काही देवाची मूर्ती झाली नाही. परवाच तिनं पावडरचा डबा संपवला, अर्धा बाळावर, अर्धा स्वतःवर. पण आता बाळ झोपलं की भांडी पडून राहतात.

त्या रविवारी बाळाला निजवून मी तिच्याजवळ आडवी झाले. तिनं हळूच विचारलं, "मामा गेला?"

"गेला."

"मला नाही नेलं?"

"नाही."

"उद्या?"

"उद्या पण नाही. कधीच नाही."

तिनं माझा पदर मुठीत धरला आणि तशीच झोपली.