आप्पांची चुन्याची रिंगणं

लातुरात रस्त्यावर चुन्याचं पांढरं रिंगण दिसलं, की समजावं, इथून कुणाची तरी सायकल चोरीला गेली. रिंगण ताजं असेल तर ते काढणारे मन्मथआप्पा अजून जवळपासच आहेत असं धरून गल्ली बदलावी. नाहीतर भर रस्त्यात उलटतपासणी सुरू होई. "कुलूप कुठाय? किल्ली कुठाय? डोस्कं कुठाय?"

आप्पांचं दोर, बादल्या अन् चुन्याचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि हातात चुन्याचं डबडं. मी त्यांच्या शेजारच्या खोलीतला भाडेकरू. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नव्या कचेऱ्यांबरोबर माझ्यासारखे कारकून सायकली घेऊन गावात उतरले होते. आमच्या मागोमाग सायकलचोरही आले. "जिल्हा झाला, मग चोर बी जिल्ह्याच्या तोडीचेच येणार की," आप्पा म्हणत.

त्यात दुष्काळ. टँकर दिसला की माणसं सायकली टाकून घागरी घेऊन पळत. आप्पा गावभर फिरून आपलीच रिंगणं पुन्हा पुन्हा बघत. बहुतेक रिंगणं टँकरच्या जागांजवळ निघाली, आणि तीही रांगेतून न दिसणाऱ्या कोपऱ्यांवर. "चोर सायकल बघत न्हाई, मालकाची घाई बघतो," हा त्यांचा सिद्धांत. मग टँकरवाल्याला चहा पाजून त्यांनी टँकर मोकळ्या जागेत लिंबाखाली उभा करायला लावला. ज्या म्हाताऱ्यांना घागर उचलत नव्हती त्यांना सायकलींपाशी बसवलं, आणि त्यांच्या घागरी पहिल्यांदा भरायच्या असं ठरवून दिलं. तिथल्या चोऱ्या थांबल्या. लोक मात्र म्हणायचे, आप्पानं रिंगणात काहीतरी मंतरून ठेवलंय.

एकदा आमच्या साहेबांच्या कोऱ्या स्कूटरभोवती रिंगण दिसलं. स्कूटर होती तिथेच होती. साहेब भडकले. आप्पा शांतपणे म्हणाले, "अजून गेली न्हाई, पण जाणार हाय. भिंतीआड लावताव, अन् वरून किल्ली तशीच." त्याच आठवड्यात स्कूटर गेली, आणि फौजदारांनी पहिलं उचललं ते आप्पांना. दिवसभर ठाण्यात बसून आप्पा परतले ते खुशीत. "लई चांगली मान्सं. पण त्यांच्या जीपला कुलूप न्हाई."

अशा या माणसाची स्वतःची हिरवी सायकल मात्र दुकानासमोर कायम बिनकुलपाची उभी असे. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आप्पा, दिव्याखाली अंधार का?" आप्पा आत जाऊन दोराची गुंडाळी उगाच उलगडत बसले.

मग आप्पांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाजूला बोलावून सांगितलं. "आमचा बसवराज दुकानात बसत न्हाई म्हणून हे त्याला लई बोलले. दुपारी बघतेत तर सायकल न्हाई. चोरी झाली म्हणून ठाण्यात लिहून दिलं. पोरगं बी घरात न्हाई, हे ध्यानातच आलं न्हाई. नांदेडच्या ठेसनावर पोलिसानं धरलं त्याला. चोर म्हणून मारलं. हे सोडवायला गेले, तर पोरगं म्हणलं, 'घ्या तुमची सायकल.' अन् गाडीत चढलं." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "तवापासून हे कुलूपच लावू देत न्हाईत. म्हणतेत, पोरगं आलं अन् कुलूप बघून माघारी गेलं तर?"

 गावाला कुलूप लावायला सांगत हिंडणारा हा माणूस रोज त्या सायकलीवरची धूळ पुसायचा, ते मी पाहिलेलं होतं.

वैशाखातल्या एका दुपारी टँकर आमच्या गल्लीत आला. नेहमीसारखा गलका झाला. तो ओसरला तेव्हा आप्पांची सायकल जागेवर नव्हती.

सगळी गल्ली जमली. टँकरची वेळ, सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे. आप्पांनीच शिकवलेलं होतं, त्यामुळे सायकल चोरानंच नेली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी चुन्याचं डबडं आणून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "आप्पा, ठाण्यात चला. चोर अजून गावाबाहेर गेला नसेल."

आप्पांनी डबडं पायरीखाली ठेवून दिलं.

"चोर कशाला म्हणता त्याला?" ते म्हणाले. "घरची सायकल, घरच्यानं नेली."

 काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. माणसं एकेक करून पांगली. आप्पा पायरीवर बसून रस्त्याच्या टोकाकडे बघत होते, आणि मला त्यांच्याजवळून उठवेना.

मग ते माझ्याकडे वळले.

"मागच्या चाकात हवा कमी होती हो," आप्पा म्हणाले. "त्याला लांब जायचं असंल. भरून ठेवायला पाहिजे होती."