कुंदाताईंचा उजवा कोपरा

कामशेतच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. तिथे एक धिप्पाड बाई नवा कुर्ता अंगात घालून बाहेर येते आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत मधोमध चक्क उकिडवी बसते. बसल्या बसल्या पुढे सरकते, मागे सरकते, दोन्ही हात वर करते. मग उठून दुकानदाराला सांगते, "शेठ, हितं खाली धरा आन् वढा. जोरात वढा, पोरगं वढतंय तसं." शेठ बिचारे ओशाळून चिमटीत कापड धरतात.

या आमच्या कुंदाताई. आमच्या बालवाडीत त्या बावीस वर्षं शिकवतायत, आणि मी मुख्याध्यापिका होऊन जेमतेम तीन झाली. म्हणजे हुद्द्याने मी मोठी, बाकी सगळ्याच बाबतीत त्या. पहिल्याच दिवशी माझ्या नव्याकोऱ्या ड्रेसकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बसून बघितलं का?" मला वाटलं, खुर्चीबद्दल विचारतायत. तासाभरात एका बाळाच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि काखेत टर्रकन आवाज झाला. मी पर्समधली सेफ्टी पिन काढली, तर त्यांनी ती काढून घेतली. सुईदोरा दिला. "पिन न्हाई लावायची. पोरगं गळ्यात पडलं तर डोळ्यात जाईल."

त्यांचे कायदेच तसे. टिकल्या नकोत, पोरांच्या गालाला टोचतात. ओढणी नको, ती खिचडीत बुडते. खिसे दोन हवेत, एकात रुमाल, दुसऱ्यात पोरांच्या तोंडातून काढलेल्या वस्तू. त्या दुसऱ्या खिशातून मी स्वतःच्या डोळ्यांनी खडू, चिंचोके आणि एकदा जिवंत गोगलगाय निघताना पाहिली आहे.

म्हणून कुणी म्हणेल, बाई गबाळी असेल. छे हो! एवढी नटवी बाई मावळात दुसरी सापडायची नाही. कापड घेतलं की दुकानाच्या पायरीवर जायचं, उन्हात गालाला लावायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "खुलतंय का?" त्यांच्या सावळ्या रंगाला मोहरीचा पिवळा खुलतो, म्हणून सहापैकी चार कुर्ते त्याच रंगाचे. कंबरेत चिमटा घेतलेला. "कंबर हाय तेवढी दिसली पायजे," त्या टेलरला दम द्यायच्या. "पोरं दिसभर माज्याकडंच बघत्यात. त्यांनी काय पाप केलंय?"

एकच गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. प्रत्येक कुर्त्याची उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटं लांब. दुपारी शाळा सुटली की त्या मुलांना हायवे ओलांडून पलीकडे रिक्षांपाशी नेतात. एक मूल कुर्त्याचा उजवा कोपरा धरतं, दुसरं त्याला, तिसरं दुसऱ्याला. कोपरा ओढून ओढून लांबलेला. मी कितीदा म्हटलं, टेलरकडे टाकून सरळ करून घ्या. त्या नुसतं "व्हय व्हय" म्हणायच्या आणि तसाच वापरायच्या.

आता माझा पराक्रम ऐका. यंदा संस्थेचे अध्यक्ष येणार होते. माझ्या डोक्यात किडा वळवळला, चौघी शिक्षिकांनी एकसारख्या साड्या नेसायच्या. त्याच दुकानातून राणी रंगाच्या, सोनेरी काठाच्या, झुळझुळीत साड्या मीच पसंत केल्या. कुंदाताईंनी साडी दोन बोटांत धरली, सोडली. ती सुळकन खाली गेली.

"मॅडम, ही हातात ऱ्हात न्हाई."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"माज्याकडं नवीन पोरगी हाय. सना. ती अजून माजं तोंड वळखत न्हाई, कुडता वळखती."

मी चिडले. म्हटलं, बावीस वर्षांत एकदा तरी दुसऱ्याचं ऐका, माझ्यासाठी ऐका. अध्यक्षांच्या दिवशी त्या साडी नेसून आल्या. दिसत होत्या झकास, पण दिवसभर हात कुठे ठेवावा हेच त्यांना कळत नव्हतं.

सना म्हणजे बांगडीवाल्या शौकतभाईंची तीन वर्षांची लेक. शाळेत येऊन पंधरा दिवस झाले होते, बोलायची जवळजवळ नाहीच. त्या दिवशी ती पदर धरायची, तो निसटायचा, पुन्हा धरायची. मी पाहत होते आणि अध्यक्षांना चहा देत होते.

शाळा सुटली. कुंदाताई आठ मुलं घेऊन हायवे ओलांडू लागल्या. मी मागून दोघांना घेऊन निघाले. नेमक्या त्याच वेळी समोरून बायकांचा घोळका आला. वीसेक बायका, हसत, एकमेकींना हाका मारत. सगळ्यांच्या अंगावर राणी रंग, सोनेरी काठ. आमच्याच साड्या! शेठनी उरलेला गठ्ठा एका बचत गटाला विकला होता.

घोळका आमच्यातून पार झाला. पलीकडे पोचल्यावर कुंदाताईंनी डोकी मोजली. सात. पुन्हा मोजली. सातच.

"सना कुटं गेली?"

माझ्याबरोबरची दोघं त्यांच्याकडे सोडून मी मागे पळाले. ट्रक हॉर्न देत होते. रस्त्यावर काही नव्हतं, देवाची कृपा. मी स्टेशनच्या रस्त्याला धावले, बोळ पाहिले, रसवंतीच्या मागे पाहिलं. साडी पायात येत होती, दोनदा पडता पडता वाचले. प्रत्येक राणी रंगाच्या बाईपाशी जाऊन खाली बघत होते. बाया चारी बाजूंना पांगल्या होत्या. कुणी वडापाव घेत होतं, कुणी फुलं. शौकतभाई रिक्षांच्या रांगेच्या पार टोकाला उभे होते, लेकीची वाट बघत. त्यांना काय सांगू? माझ्या हौसेपायी तुमची मुलगी हरवली म्हणून सांगू?

परत येऊन बघते तर कुंदाताईंनी सगळी मुलं आमच्यातल्या दुसऱ्या बाईंच्या हवाली केली होती आणि परतताना घालायला आणलेला कालचा मोहरी कुर्ता पिशवीतून काढून भर रस्त्यात, साडीवरूनच, डोक्यातून खाली ओढत होत्या. मग भाजीवाल्या मावशीचं क्रेट उलटं करून त्यावर चढल्या.

"अहो, शोधायचं सोडून हे काय?" मी जवळजवळ किंचाळले.

"मला ती दिसंल न दिसंल," त्या म्हणाल्या. "तिला मी दिसाय पायजे."

लोक हसत होते. कुणीतरी मोबाइल काढला. खाली राणी साडी, वर पिवळा कुर्ता, क्रेटवर उभी धिप्पाड बाई, दोन्ही हात वर. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. मी त्यांच्या पायाशी उभी होते आणि मनात नुसतं सना, सना चाललं होतं.

शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघालेला एक टेम्पो चौकातून वळला. मागे बायका खच्चून भरलेल्या, सगळ्या राणी रंगाच्या. टेम्पो आमच्यासमोरून गेला आणि आतून भोकाड ऐकू आलं. मग शब्द. पंधरा दिवसांत आम्ही कुणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता तो.

"कुंदाबाईऽऽ!"

मी टेम्पोच्या पुढ्यात हात पसरून उभी राहिले. ड्रायव्हरनं मला जी शिवी घातली ती मी आनंदाने घेतली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. "अगं बया! आमाला वाटलं ही शांताची, शांताला वाटलं माजी!" सना एकीचा पदर मुठीत धरून आपल्या मनानं चालत गेली होती, आणि वर चढताना कुणीतरी मायेनं तिला उचलूनही घेतलं होतं. खाली उतरवल्यावर ती कुणाकडे बघेना. थेट पिवळ्या कुर्त्याचा उजवा कोपरा पकडला आणि त्यात नाक पुसलं.

शौकतभाईंना मी सगळं खरं सांगितलं. ते लेकीला छातीशी धरून गेले. दुसऱ्या दिवशी सना शाळेत आली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सना सापडली त्याच दिवशी संध्याकाळी मळवलीच्या गाडीसाठी कुंदाताई स्टेशनकडे निघाल्या. मीही बरोबर निघाले. माफी कशी मागावी ते सुचेना. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नव्हता, आणि तेच जड जात होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "कुर्ता आज आणखीच ओढला गेला. द्या, मी शिवून आणते सरळ करून."

"नगं," त्या म्हणाल्या. थोडं चालल्यावर पुन्हा बोलल्या. "मालक जाऊन एकोणीस वर्सं झाली. पोरबाळ न्हाई. घरी गेलं की कुलूप काढायचं, आत जायचं. तितं मला वढणारं कोन हाय? रातच्याला घडी घालताना ह्यो कोपरा हाताला लागतो, लांबलेला. मग बरं वाटतं. आज कुनीतरी धरलतं मला."

आम्ही हायवेपाशी आलो. दोन्हीकडून गाड्या सुसाट चालल्या होत्या. त्यांनी सवयीनं आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. मी हात पुढे केला आणि कुर्त्याचा तो कोपरा मुठीत धरला.

त्या वळल्या नाहीत. फक्त पावलं लहान केली, मुलांना घेऊन चालताना करतात तशी, आणि आम्ही रस्ता ओलांडला.