भाईंदरची सरळ रेष

टक्.

दाराची कडी वाजली आणि तीन देशांनी राखलेली शांतता भंगली.

ती शांतता हेमांगीसाठीच राखलेली होती. लॅपटॉपवर फिनलंडचे डॉ. युहानी हनुवटीला हात लावून थांबले होते, इंडोनेशियाच्या रत्ना मॅडम वही उघडून थांबल्या होत्या आणि ऑफिसातून तिचे साहेब, कौस्तुभ सर, श्वास रोखून थांबले होते. तिच्या उत्तरासाठी.

उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. "परत निघाले! अर्धं ताट टाकून निघाले! काल पाऊणला गेले, आज दीडला, उद्या सव्वादोनला जातील. या माणसाच्या डोक्यात काय फिरतंय ते देवालाच ठावं!"

माईक चालू होता. तिच्या सासूबाईंचा, सावित्रीबाईंचा, आवाज कुठल्याही यंत्राविना भाईंदरच्या गोडदेवहून फिनलंडला पोचला असता. इथं तर यंत्रही होतं.

"काही संकट आहे का?" डॉ. युहानींनी इंग्रजीत, काळजीने विचारलं.

"नाही सर. सासरे फिरायला गेले."

संकट वेगळंच होतं. उष्ण देशांतल्या पाणथळ जमिनी कशा टिकवायच्या, यावर तीन देश मिळून संशोधन करत होते. इंडोनेशियातली काळी दलदल उन्हाळ्यात सुकून पेट घेत होती, पावसात बुडून जात होती. तिथल्या पाण्याचा आलेख म्हणजे तापाच्या रुग्णाचा तक्ता. आणि नवघरच्या पलीकडे, बंद पडलेल्या मिठागराशेजारच्या खाजणात, खाडीकाठच्या खारट दलदलीत, हेमांगीने जी पांढरी नळी रोवली होती, तिच्यातल्या यंत्राचा आलेख मात्र सरळ. उधाणाची मोठी भरती असो, भांगेची लहान असो, पाणी जिथल्या तिथे. जणू कुणी पट्टी ठेवून रेष ओढली होती.

"निसर्गाने स्वतः राखलेला तोल," असं डॉ. युहानींनी त्याचं नाव ठेवलं होतं. सोमवारी त्यावरचा शोधनिबंध जाणार होता. तो गेला की प्रकल्प तीन वर्षं वाढणार होता. नाहीतर एकतीस मार्चला भाईंदरचं केंद्र बंद, आणि छोटी लेक चांदणी झोपली की तेवढ्या तास-दीड तासात हेमांगीने दोन वर्षं जे काही उभं केलं होतं, तेही बंद.

"फक्त तीन ठिकाणी रेष तुटते," डॉ. युहानी म्हणाले. "त्याचं कारण मिळालं की झालं."

"आणि पाण्याच्या नमुन्यात काहीतरी तेलकट सापडतंय," रत्ना मॅडम म्हणाल्या. "दोन महिने आम्ही शोधतोय."

"पाचपर्यंत सांगते," हेमांगी म्हणाली आणि मीटिंग बंद केली.

"ती रत्ना कुठली गं?" सावित्रीबाई पदराला हात पुसत आल्या. "आपल्यातलीच वाटते."

"इंडोनेशियाची आहे, आई."

"असू दे. नाव चांगलं हाय."

तुटलेल्या तीन जागांच्या तारखा हेमांगीने कागदावर उतरवल्या. बारा डिसेंबर, नऊ जानेवारी, दोन फेब्रुवारी. ना वादळ, ना अवकाळी पाऊस. ती भरतीचा तक्ता बघायला उठली, तशी तिची नजर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेली. सावित्रीबाई त्यात घरातलं सगळं लिहीत. बारा डिसेंबरच्या चौकोनात होतं, 'दशरथच्या पोरीची हळद.' नऊ जानेवारीच्या चौकोनात, 'ह्यांचा मोतीबिंदू.'

दोन्ही दिवशी बाबा फिरायला गेले नव्हते. दोन फेब्रुवारीचं पान उलटायची तिला हिंमत होईना. उलटलं. 'चांदणीला ताप.' त्या दिवशी बाबा नातीच्या उशापासून हलले नव्हते, हे तिला कॅलेंडरशिवायही आठवत होतं.

तीनच्या सुमाराला सासरे, बाळाराम, परतले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहऱ्यावर समाधान.

"बाबा, तुम्ही कुठे जाता हो रोज?"

"खाजणात."

"कशाला?"

"उघाडीवर." उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं दार, लाकडी फळी घातली की खाडीचं पाणी बाहेर राहायचं, काढली की आत यायचं. मिठागर चालू होतं तेव्हा चाळीस वर्षं ते बाळारामांचं काम होतं. "उधाणाला फळी घालायची, भांगेला काढायची. मंग काय, पानी मोकाट सोडायचं?"

"पण मिठागर बंद होऊन बारा वर्षं झाली, बाबा!"

"तवा मी बी बंदच होतो की. तू तिथं तुजी नळी लावलीस ना, तवापासून परत जातो. म्हटलं, पोरीचं यंत्र बुडंल."

हेमांगी खाली बसली. "म्हणजे दोन वर्षं?"

"दोन वर्सं. एकबी भरती चुकवली न्हाय. रातच्याला एकदाच फळी बघून येतो." मग प्रामाणिकपणे आठवून म्हणाले, "तीनदा चुकली."

"मला माहितीये कधी ते."

"आन् पयल्याच दिसी म्हस टेकली तुज्या नळीला. वाकडी झालती. मी उपटून परत ठोकली."

"तितकीच खोल?"

"न्हाय, वीतभर वर घेतली. बुडाया नको म्हणून."

"अजून काही केलंत?" तिने विचारलं खरं, पण उत्तर नको होतं.

"काय न्हाय. गंज धरत होता तिचा वरचा दांडा. खोबरेल लावतो दर रईवारी."

इंडोनेशियाची एक अख्खी प्रयोगशाळा दोन महिने बाळारामांच्या खोबरेलावर राबत होती.

तिने कौस्तुभ सरांना फोन लावला. सर्व ऐकून त्यांनी आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हेमांगी, तू त्यांना हे विचारलंसच का?"

"सर?"

"विचारलं की ते सांगणार ना! सोमवार जाऊ दे, मंगळवारी विचार."

"सर, निबंधात आपण लिहिलंय की अशा जागांना माणसाने हातच लावू नये. ते वाचून कुणी खरंच नाही लावला तर?"

"तुला एकतीस मार्च माहितीये ना?"

"माहितीये."

"मग बघ बाई तू," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पाच वाजता बाळाराम लॅपटॉपसमोर बसले. सावित्रीबाईंनी त्यांना लग्नातला सदरा घातला होता, केस चप्प बसवले होते. "हसू नका, दात दिसतात," अशी ताकीदही दिली होती. हेमांगीने एका दमात सगळं सांगून टाकलं. हळद, मोतीबिंदू, म्हैस, खोबरेल.

पडद्यावर डॉ. युहानींनी पेन खाली ठेवलं. कौस्तुभ सरांनी तर कॅमेराच बंद केला होता.

मग रत्ना मॅडम खुदकन हसल्या. "नारळ! मला संशय होताच. तुमच्या खाजणात नारळाची झाडं किती, असं विचारणार होते."

डॉ. युहानी मात्र पुढे वाकले. "त्यांना विचारा, भरती कधी येणार ते कशावरून कळतं? कोणतं ॲप आहे?"

हेमांगीने विचारलं. बाळारामांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "तिथीची पाऊणपट कर ना. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. येवढं बी येत न्हाय त्याला?"

हेमांगीने पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. डॉ. युहानींनी कागदावर गणित मांडलं, भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, परत मांडलं. रत्ना मॅडमनीही मांडलं. मग दोघं आपसात भराभर बोलू लागले. बंद कॅमेऱ्यामागून कौस्तुभ सर हळूच प्रकटले.

"हे तर जास्त मोलाचं आहे," शेवटी डॉ. युहानी म्हणाले. "निसर्गाचा तोल नव्हे, माणसाने राखलेला तोल! केंद्र बंद करायचं नाही. तीन वर्षं, नक्की."

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सावित्रीबाईंनी काही न कळताच पडद्याला नमस्कार केला.

"फक्त एक करावं लागेल," डॉ. युहानी अगदी सौम्यपणे म्हणाले. "ते जे करतात त्याने किती फरक पडतो, हे मोजायचं तर आधी ते थांबवायला हवं. सहा महिने. उघाडीला कुणी हात लावायचा नाही."

हे वाक्य मराठीत आणायला हेमांगीला फार वेळ लागला.

"सहा म्हैने?" बाळाराम म्हणाले. "मधे जेठ-आषाढाची उधाणं हायेत. बांध खचंल."

तिने सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, ते तिने खाली बघत सांगितलं. "खचला तर, तुम्ही काय करत होतात ते सिद्ध होईल, म्हणतात."

बाळारामांनी थोडा विचार केला. "तुजं काम ऱ्हाईल ना?"

"राहील, बाबा."

"मंग ऱ्हाऊ दे."

शनिवारी ते सव्वादोनला ताटावरून उठले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि आठवण होऊन परत आले. उरलेला भात मुकाट्याने खाल्ला. "आता तरी सुखाने जेवतात," असं म्हणून सावित्रीबाईंनी दिवसभर त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

रविवारी चतुर्थी. सोमवारी पाठवायचा निबंध हेमांगी नव्याने लिहीत बसली होती. 'पूर्वी एक स्थानिक जाणकार' असं लिहून ती 'पूर्वी' या शब्दापाशी अडली होती. तीन वाजले. बाळाराम खिडकीशी उभे होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि वाळत घातलेले कपडे, यापलीकडे काही दिसत नव्हतं. तरी ते तिकडेच बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात, फळी धरल्यासारखे, अर्धवट पुढे आलेले होते.

झोपेतून उठलेली चांदणी डोळे चोळत आली. आजोबांकडे पाहिलं, आईच्या मांडीत शिरली आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजली,

"आई, भरती आली. आजोबांनी आता काय करायचं?"