बाबारावांची प्रतवारी

बाबाराव वानखड्यांच्या ताटात पोळी पडली की ते ती लगेच खात नाहीत. आधी चिमटीत धरतात, हळूच ताणतात, तुटलेली कड उजेडात बघतात आणि निकाल देतात, "फरदड!" मग तीच पोळी चवीने खातात आणि वर दुसरी मागतात.

फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरचा शेवटचा, हलका कापूस. बाबारावांची सगळी नोकरी अकोल्याकडच्या कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर म्हणून गेली. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ दाबून ओल बघायची, धागा ताणायचा आणि प्रत ठरवायची. पुढे निवृत्त झाले, बायको गेली, मूलबाळ नव्हतंच, तेव्हा अमरावतीच्या आमच्या या वृद्धाश्रमात आले. हात मात्र निवृत्त झाला नाही. इथली चादर, टॉवेल, वरण, व्यवस्थापकांचं भाषण, सगळ्याची प्रत त्यांनी लावून ठेवली आहे.

मी इथे आले त्या दिवशी माझ्या शालीचं टोक चिमटीत धरून म्हणाले, "माल बरा हाय ताई. पन लय दिवस घडीत राह्यला." मीही टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई. म्हटलं, "भाऊ, शाल पांघरायची आहे, विकायची नाही." स्वारी खूश झाली. "बोलनं एक नंबर," म्हणाले. आजवर या इमारतीत दुसऱ्या कशालाच एवढी वरची प्रत मिळालेली नाही.

आश्रम तसा वाईट नाही. जेवण वेळेवर, अंगण झाडलेलं, डॉक्टर येऊन जातात. पण सेविका मोजक्या, त्या तरी कुठे कुठे पुरणार? त्यामुळे जो जास्त ओरडतो त्याचं काम आधी होतं. मुकाट पडून राहणाऱ्याची पाळी सावकाश येते. आणि बाबाराव कसले मुकाट राहतात! भर जेवणात दारातून सेविका शोभाला हाळी द्यायचे, "शोभे, धाव व! माही गादी ओली झाली!"

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला मात्र संताप यायचा. सदऱ्याला इस्त्री नसेल तर खोलीबाहेर पाऊल न टाकणारा हा माणूस, आणि हे असलं गावभर सांगत सुटतो! एकदा मी झापलंच, "भाऊ, चारचौघांत असं ओरडतात का? हळूच बोलवावं तिला."

"हळू बोलावलं का हळूच येते थे," असं म्हणून ते निघून गेले.

त्यांच्या खोलीतली दुसरी खाट गुरुजींची. शाळेत मुख्याध्यापक होते. अर्धांगवायूने एक बाजू गेली, वाचा गेली, पण समज शाबूत आहे. काही विनोद झाला की डोळ्यांनी हसतात.

परवा गुरुजींची मुलगी परतवाड्याहून आली. तिला खोली दाखवायला मी गेले. दारातच वास आला. ती थबकली, मग वडिलांच्या खाटेकडे वळली. गुरुजींनी डोळे गच्च मिटून घेतले. तिचा हात त्यांच्या चादरीकडे जाणार, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून बाबाराव गरजले, "तिकडं नोको पाहू माय, वास माह्या गादीचा हाय! आता वय झालं, काय करतं? मास्तर एकदम टकाटक हायेत. तू चाय पिऊन ये. ताई, नेता का इले?"

मी तिला जेवणघरात बसवलं, चहा दिला आणि तिची विसरलेली पिशवी आणायला परत गेले. शोभा गुरुजींना कुशीवर धरून होती. बाबाराव त्यांच्या पाठीखाली हात घालून, मूठ दाबून बघत होते. "आनिक ओल हाय इथं. हे बी बदल." त्यांची स्वतःची गादी कोरडी ठणठणीत होती, चादरीला सुरकुती नव्हती.

शोभा मला बाहेर म्हणाली, "भाऊची गादी कधीच ओली नव्हती काकू. गुरुजीसाठी बोलावलं का आमी हातातलं काम उरकून येतो. भाऊनं बोंब मारली का पयत येतो."

बाबाराव व्हरांड्यात आले. मी विचारलं, "पण भाऊ, नाचक्की स्वतःची कशाला?"

"मास्तरले सारं समजते ताई. बोलता येत नाई, एवढंच. पोरगी येते, शिकवलेले पोरं येतात पाया पडाले. त्याइच्यासमोर मान खाली जाते त्याची." सदऱ्याची कड चिमटीत घेऊन ते ती ताणत राहिले. "माह्याकडं कोन येऊन राह्यलं? मी कोनाले लाजू?"

मी पिशवी उचलून मुलीला द्यायला गेले.

आज जेवताना पुन्हा तेच. बाबाराव दारात उभे, "शोभे, माही गादी!" शोभा वाढत होती, तिला ऐकू गेलं नाही. बायका पदराकडे हात नेऊ लागल्या. मी ताट सरकवून उठले आणि ट्रंक कॉलच्या दिवसांतला आवाज काढून ओरडले, "शोभा, आधी पळ! भाऊंची गादी ओली झाली!"

शोभा पळाली. बाबारावही तिच्यामागे गेले. परत येऊन पानावर बसले, पोळी चिमटीत धरली आणि तशीच धरून खाली बघत राहिले. फरदड म्हणायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.